गॅलरीतलं गिऱ्हाण

पाहुणे आले की नवरा एक गोष्ट हमखास सांगतो: अंतराळस्थानक सूर्यावरून जाताना त्याने आमच्या गॅलरीतून पाहिलं. मी आत चहा ओतत असते.

पाहायचं मला होतं. तेव्हा मी पिंपरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. हे दृश्य जेमतेम चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यातूनच दिसणार होतं आणि आमचं संत तुकाराम नगर नेमकं त्यात येत होतं. पहिल्या पगारातून घेतलेली दुर्बीण मी स्टुलाला सुतळीने बांधली, एक भिंग झाकलं आणि दुसऱ्यातून सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर उतरवला. पापणी लवेपर्यंत सगळं आटोपतं, हे नवऱ्यालाही बजावून सांगितलं.

तिथेच माशी शिंकली. सासूबाईंनी ऐकलं, आणि मला सातवा महिना होता.

"सूर्याच्या म्होरनं काय बी गेलं तरी ते गिऱ्हाणच," त्या म्हणाल्या. "पोटुशी बाईनं बघायचं न्हाई."

"आई, ते यान आहे. त्यात माणसं राहतात."

"मग त्यांच्या आयांनी बघावं."

सासूबाईंचा मला राग आला नाही. त्यांना खरंच भीती वाटत होती. राग आला तो चाकणच्या कारखान्यात रोबोंशी खेळणाऱ्या माझ्या इंजिनिअर नवऱ्याचा. सेकंड शिफ्ट होती म्हणून तो घरीच होता.

"अगं, एवढ्याशासाठी वाद कशाला? तू आत बस, मी बघून सांगतो ना," असं म्हणून तो माझ्या पुठ्ठ्यासमोर बसलासुद्धा. मी बेडरूममध्ये पडदे ओढून, सुरी-कात्रीला हात न लावता, गुन्हेगारासारखी बसून राहिले.

"दिसलं का रे?" मी आतून ओरडले.

"दिसलं की! ये आता बाहेर."

निदान घरातल्या एकाने तरी पाहिलं, अशी मी माझी समजूत घातली. पाहुण्यांमागून पाहुणे आले, गेले, आणि मी ती गोष्ट ऐकत राहिले.

तेव्हा पोटात होती ती लेक आता शाळेत जाते. परवा पाहुण्यांसमोर तिने विचारलं, "बाबा, किती वेळ दिसलं ते?"

"चांगलं मिनिटभर," तो म्हणाला. "मस्त डुलत डुलत गेलं बघ."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. पापणी लवेपर्यंत निसटणारं स्थानक मिनिटभर डुलत नाही; म्हणजे माझी जागा घेऊन बसलेल्या माणसाने ते पाहिलंच नव्हतं. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, कप सगळ्यांच्या हातात दिले आणि लेकीला म्हणाले, "ती घार होती."