दातवाल्या बाईची अट

हर्षा शहारे लहानपणी एवढी रडकी होती की तिच्या आईने, तुळसाने, तिला गप्प करण्यासाठी अख्ख्या मोहल्ल्याचा गूळ संपवला होता. पुढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा बाया छाती पिटून रडल्या, म्हशी हंबरल्या. बाबुलालचा, म्हणजे हर्षाच्या बापाचा, भांडखोर कोंबडासुद्धा खाली मान घालून बसला. हर्षा मात्र मिक्सरचं खोकं मांडीवर घेऊन, परक्या वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखी टेम्पोत बसून राहिली.

तेव्हापासून तिला काही म्हणता काही वाटेनासं झालं. बारावी पास झाली, काही वाटलं नाही. पाहायला आलेल्या मुलाने नकार कळवला, काही वाटलं नाही. त्याने होकार कळवला असता तरी तिने तेवढ्याच शांतपणे भांडी घासली असती. तुळसा म्हणायची, "या पोरीले चिमटा काढला तं ती विचारन, कोणाले काढला म्हणून."

मग एकदा नव्या गावठाणातल्या शाळेत दातांचं शिबिर भरलं. डॉक्टर गावाची तोंडं उघडून बघत होते आणि शेजारी निळा कोट घातलेली एक मुलगी उजेड धरत होती, आरसा पुढे करत होती, कापूस देत होती. दुपारभर ती कोणाशी अवाक्षर बोलली नाही. विशेष म्हणजे, "काहून वो, बोलत काहून नाहीस?" असं कोणी तिला विचारलंही नाही. हे काम आपल्याला जमेल, असं हर्षाला वाटलं. तिला काहीतरी वाटलं, ही त्या घरातली अनेक वर्षांतली मोठी बातमी होती.

आता शिकायचं कुठे? तिचा मावसभाऊ सुगत वरठीला स्टीलच्या कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलला स्वस्थ बसू द्यायचं नाही अशी त्याची शपथ होती. तो तिला आधी नागपूरला घेऊन गेला. तिथल्या संस्थेत गार हवा होती, काचेच्या पेटीत मासे होते आणि मासे कोणाच्या पैशाने पोसले जातात ते फी ऐकल्यावर कळलं. घरी आकडा सांगितला तेव्हा तुळसा म्हणाली, "एवढ्यात तं पुऱ्या गावचे दात नवे बसतीन!"

मग भंडाऱ्यात एक स्वस्त क्लास सापडला. एकाच पाटीवर शिवण, पार्लर, टायपिंग आणि डेंटल. तिथल्या सरांकडे शिकवायला प्लास्टिकची एक कवळी होती, तिच्या दाढा आधीच्या कुठल्या तरी बॅचमध्ये हरवल्या होत्या. "दाढा आहेत असं समजायचं," सर म्हणाले. खुर्ची? "तीही समजायची." सर्टिफिकेट मात्र समजायचं नव्हतं, ते खरंच मिळणार होतं. हर्षाने हे सगळं ऐकून घेतलं आणि सुगतला म्हणाली, "चाल." राग आला का, विचारलं तर तेही नाही.

शेवटी पवनीच्या डॉ. ललिता पडोळ्यांचा पत्ता लागला. पवनीत त्यांना दातवाली बाई म्हणत. बाई फी घेत नसत. दवाखान्यात राबायचं आणि शिकायचं. अट एकच होती, ती त्यांनी नाकावरचा चष्मा सारखा करत सांगितली.

"पहिल्या दिवशी घरचं माणूस आणायचं. त्याच्या तोंडात मी बघणार, तू मदत करणार. घरच्यासमोर हात स्थिर राहिला तर गावासमोर राहतो. सोमवारी ये. नाही आलीस तर दुसरी मुलगी वाट बघते आहे."

आता घरचं माणूस म्हणजे कोण? तुळसाला इंजेक्शनच्या चित्रानेही घाम फुटायचा. उरला बाबुलाल. बाबुलालचा थांब्यावर पानठेला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तो असा खर्रा घोटायचा की शेजारच्या तीन गावांतली माणसं बस चुकवून त्याच्यापाशी उभी राहत. पहिलं गिऱ्हाईक रोज तो स्वतः असे.

"मायावाले दात मजबूत हायेत," बाबुलाल म्हणाला.

"मजबूत?" तुळसा उसळली. "भाकर सोडली, मिरची सोडली, भात कालवून कालवून गिळता, अन् मजबूत म्हणे! जांभई देता तं ओठ फाकत नाहीत तुमचे."

"बाबा," हर्षा म्हणाली, "सोमवारी तुमी नाही आले तं मायी जागा जाते."

पोरीने काही मागितल्याला किती काळ लोटला होता, हे आठवता आठवता बाबुलालने खांद्यावर दुपट्टा टाकला.

सोमवारी तो धुतलेल्या सदऱ्यात दवाखान्यात शिरला, "जयभीम मॅडम," म्हणाला आणि खिशातून रबर लावलेली एक टपोरी पुडी काढून बाईंपुढे धरली.

"हे काय?"

"खर्रा जी. खास तुमच्यासाठी घोटला. बायमाणसासाठी म्हणून चुना कमी टाकला."

दवाखान्यातल्या पंख्यानेही श्वास रोखला असावा. बाईंनी ती पुडी चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवली.

"जन्मभर या पुडीशी भांडते आहे मी. आणि तुम्ही मला ती आहेर म्हणून आणली?"

"आमच्याकडं पाव्हण्याले खर्रा द्याच लागते, मॅडम."

"पाहुणे तुम्ही आहात!"

"मंग तं तुमीच द्या लागन," बाबुलाल म्हणाला आणि आपल्याच विनोदावर जेवढं हसता येईल तेवढं हसला. तोंड फारच थोडं उघडलं, हे बाईंनी पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "बसा. तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू."

एक बोट गेलं. दुसरं अडलं.

"हर्षा, लाईट."

हर्षाने दिवा वळवला. बाईंनी गाल आरशाने बाजूला केला.

"काय दिसतं?"

"पांढरा डाग," हर्षा म्हणाली. "नखाएवढा. कडेनं लाल."

"कापूस."

तिने कापूस दिला. आरसा घेतला, पुसला, परत दिला. खुर्चीत पडलेला बाबुलाल तिच्याकडे, स्टेजवर बक्षीस घेणाऱ्या लेकीकडे पाहावं तसा कौतुकाने पाहत होता.

तपासून झाल्यावर बाईंनी तिला आत नेलं. "मागच्या आठवड्यातली मुलगी आजीची दाढ बघून आडवी झाली. तुझा हात हललाही नाही. का?"

"माहीत नाही, मॅडम."

बाईंनी हातमोजे काढले. "उद्यापासून ये. त्या डागाचा तुकडा नागपूरला तपासावा लागेल, लवकर. खर्रा आजपासून बंद. हे त्यांना तू सांगायचंस. तेही या कामातच येतं."

परतीच्या बसमध्ये बाबुलालने निम्म्या प्रवाशांना सांगून टाकलं की पोरगी डॉक्टरीणबाईकडे लागली. "पह्यल्याच दिवशी बापाच्या तोंडात बॅटरी मारली पोरीनं!" उरलेल्या निम्म्यांना कंडक्टरने सांगितलं. अड्याळच्या अलीकडे बाबुलाल दमून तिच्या शेजारी बसला.

"बाबा," हर्षा म्हणाली, "तुमच्या गालात डाग हाय. बरा नाही दिसत. नागपूरले तपासाले जा लागते. अन् खर्रा आजपासून बंद."

बाबुलालने दुपट्ट्याने तोंड पुसलं. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या एकामागून एक मागे जात होत्या. तो म्हणाला, "तुले तवाच दिसलं?"

"हो."

"अन् तू कापूस देत होती."

"हो."

"रडू नाही आलं?"

हर्षाने खरंच आत शोधून पाहिलं. "नाही, बाबा."

"बरं झालं," बाबुलाल म्हणाला. "तू रडली असती तं मी खुर्चीवरून पळालो असतो." मग खालच्या आवाजात, "त्या नागपूरवाल्यापुढं मी तोंड नाही उघडत. लाईट तूच धरशीन तं येतो."

"मॅडमले इचारीन," ती म्हणाली, आणि थांबा जवळ आला म्हणून त्याची पिशवी घेऊन आधी उठली.