बिनफोडणीचं ताट

आमच्याकडे देवी आल्या की 'अमक्याला देवी आल्या' असं कुणी म्हणत नसे. 'घरात आई आल्यात' असं म्हणायचं. आई म्हणजे पाहुणी, आणि पाहुणी भारी लहरी. तिला तळणीचा वास चालत नाही, फोडणीचा आवाज चालत नाही, केस विंचरलेले चालत नाहीत, लुगडं आपटून धुतलेलं चालत नाही. रागावली की जाताना काहीतरी घेऊन जाते, बहुतेक वेळा जीव, नाहीतर डोळे. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि हे सगळे नियम मला तोंडपाठ होते. मी सहा वर्षांची असताना ती माझ्याकडे मुक्काम करून गेली होती आणि गालांवर वण ठेवून गेली होती.

त्या वणांपायी माझं लग्न जमता जमत नव्हतं. माहेर उत्रोलीचं, दाराशी भाताची खाचरं. सासर मिळालं ते विंझरच्याही वर डोंगरात, आठ-दहा घरांच्या वाडीत, जिथे नाचणी रोजची आणि भात सणाचा. मला बघायला आली तेव्हा सासू म्हणाली होती, "तोंडाकडं काय बघायचं? हाताकडं बघा." माझ्या हाताला चव आहे हे तिच्या कानावर गेलं होतं. मला तिचा राग आला होता आणि बरंही वाटलं होतं.

चैत्र सरत आला होता. माझी धाकटी नणंद, आठ वर्षांची, दोन दिवस तापानं फणफणली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर पुरळ दिसलं. सासूनं नुसतं एकदा बघितलं आणि दारावर कडुनिंबाचा डहाळा खोचला. सासरे आणि माझा नवरा या दोघांना देवी कधी आल्या नव्हत्या. ते गुरं घेऊन खालच्या शेतातल्या खोपटात राहायला गेले. वाडीकरांनी आमच्या वाटेवर करवंदीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. सासूला आणि मला आई येऊन गेलेल्या, म्हणून आम्ही दोघी पोरीपाशी राहिलो. वणवाली सून घरात आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना बरं वाटलं असेल.

पौषात लस टोचणारा आला होता, तेव्हा सगळ्या वाडीनं आपापली पोरं रानात पिटाळली होती. आमच्याही घरानं पिटाळली होती. त्याबद्दल पुढे कधी कुणाला हळहळताना मी ऐकलं नाही.

पाणी वाडीच्या झऱ्यावरून आणायचं नाही, खालच्या डोहातून आणायचं. दिवसाआड सासरे बांधावरच्या दगडावर ताकाचं मडकं ठेवायचे, हाळी द्यायचे आणि आम्ही पोचायच्या आत निघून जायचे. त्यांना बाजारात कुणी उभं करत नव्हतं, त्यामुळे ताकाखेरीज काही यायचं नाही. घरात नाचणी होती, तांदळाच्या कण्या होत्या, एका गाडग्यात हुलगे होते, थोडं हुलग्याचं पीठ होतं. मीठ मूठभर. कांदा-लसूण सासूनं शिंक्यात वर टांगून ठेवला होता आणि खुरासणीच्या तेलाची बुधली कोपऱ्यात सरकवली होती. दोन्हींना शिवायचं नाही.

फोडणी काढून घेतली की रांधणाऱ्या बाईचं अर्धं कसब जातं. पहिले दोन दिवस मी आदळआपट करत, पण आवाज न करता, म्हणजे मनातल्या मनात आदळआपट करत स्वयंपाक केला. मग हट्टाला पेटले. शेवग्याला नुसता पाला उरला होता, तो ओरबाडून कण्यांबरोबर शिजवला. दिसायला हिरवा चिखल, पण सासूनं दोनदा मागून घेतला. कैरी उकडून तिचा गर आंबिलीत कालवला, तर नाचणीची आंबील दोन घोट जास्त जाते असं मला कळलं. हिरवी करवंदं मिठाबरोबर ठेचली. हुलग्यांना मोड आणून ते उकडले, वरचं पाणी पोरीला पाजलं आणि खालचे हुलगे आम्ही दोघींनी खाल्ले. एकदा मी तेच हुलगे तिसऱ्यांदा उकडून पाणी काढायला निघाले तेव्हा सासू म्हणाली, "आता त्यास्नी सोड गं, मेलेल्याला किती मारशील."

आठव्या दिवसापर्यंत पोरगी थोडंफार खात होती. नवव्या दिवशी फोड तोंडात उतरले. कडुनिंबाच्या पाल्यावर ती निजली होती, डोळ्यांच्या पापण्या चिकटून गेलेल्या, आणि घोट पुढे केला की मान फिरवायची. दहावा दिवस तसाच गेला, अकरावाही. आंबील नको, कण्या नकोत, ताकसुद्धा नको. सासू तिच्या पोटावर हात ठेवून बसायची. पोट पार पाठीला लागलं होतं.

"पोटात काय गेलं न्हाई तर आई तिला घिऊन जाईल," सासू म्हणाली. "आनि काय बी वंगाळ गेलं तर डोळं घिऊन जाईल. म्या काय करू सांग."



सासू रोज ओल्या लुगड्यानं ओढ्यापलीकडे आईच्या ठाण्यावर पाणी घालायला जायची. ऊन डोक्यावर येताना निघायची ते सावल्या कलल्यावर परतायची. बाराव्या दिवशी ती गेली आणि मी पोरीवरच्या माश्या वारत बसले होते. पोरगी एकदम बोलली. दोन दिवसांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"वैनी, लसणाचं पिठलं दे."

"गप," मी म्हणाले. "आई ऐकंल."

"मग आईलाबी दे."

मला हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. मी आंबील पुढे केली, तिनं दात आवळले. ताक पुढे केलं, तिनं मान फिरवली. मग पुन्हा तेच, लसणाचं पिठलं. आवाज इतका बारीक झाला होता की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता. हे सांगते आहे ते काही मोठेपणानं नाही. मी देवीला न भिणारी नव्हते. मी तिला कुणाहीपेक्षा जास्त भीत होते, तिनं मला धरलेलं मला आठवत होतं. पण पोरीच्या फासळ्या मोजता येत होत्या, आणि तीन दिवसांत ती पहिल्यांदा काहीतरी मागत होती.

गुरं शेतावर गेल्यामुळे गोठा रिकामा होता. तिथे मी तीन दगड मांडले. शिंक्यातून लसणाच्या चार पाकळ्या काढल्या. मिरची घेतली नाही, तोंडात फोड होते. बुधली उलटी करून कढईत तेल निथळवलं, आणि ते तापायची वाट बघत बसले. लसूण तेलात पडला आणि चर्र झालं. एवढासा आवाज, पण मला वाटलं तो पार विंझरपर्यंत गेला. मी पदरानं कढई झाकायला गेले, जणू आवाज झाकता येतो. मग पाण्यात कालवलेलं हुलग्याचं पीठ ओतलं आणि कढीसारखं पातळ पिठलं केलं.

निवल्यावर तिला मांडीवर घेऊन पाजलं. गिळताना तिला दुखत होतं, मिटल्या पापण्यांच्या कडेनं पाणी येत होतं, पण ती थांबेना. वाडगा संपल्यावर तिनं आतून बोट फिरवून चाटलं.

"कुनाला सांगायचं न्हाई," मी म्हणाले. तिनं मान हलवली.

मी राख पुरली, दगड तीन दिशांना टाकले, कढई डोहावर नेऊन मातीनं तीनदा घासली आणि घरात कडुनिंबाचा धूर कोंडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. सासू परतली आणि माझ्याकडे न बघता थेट कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिला वास आला, असं मी धरून चालले. ती आत्ता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी दिवे लागेपर्यंत तशीच ताटकळले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी पोरगी ताक प्यायली, सकाळी आंबील. तिच्या अंगात थोडी धुगधुगी आली.

तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यानं भिजवून भिजवून तिच्या पापण्या सुटल्या. उजवा डोळा माझ्याकडे बघत होता. डाव्यात पांढरं फूल पडलं होतं.

सासूनं कपाळ जमिनीवर आपटलं. मी तिला धरायला गेले तर तिनं माझेच हात धरले. "माजं चुकलं गं," ती म्हणाली. "त्या दिशी ठान्यावनं येताना धनगराची बाय भेटली, शेरडं घिऊन चाललीती. आपल्या घरात आई हायेत ह्ये तिला ठावं नव्हतं. तिनं भाकरीवर कोरड्यास घालून दिलं. दोन दिस पोटात धड काय नव्हतं माज्या. म्या खाल्लं. फोडनीचं खाल्लं म्या, आनि आईनं पोरीचा डोळा नेला."

म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

माझं सगळं जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बस. मी गिळलं. वणवाली, घरात येऊन वर्ष झालेली, पदरात मूल नाही, मला दुसऱ्या दिवशी उत्रोलीला पोचतं केलं असतं ही भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघाला म्हणून मला बरं वाटलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

सासूनं तिथल्या तिथे हात जोडले. "आई, दुसरा डोळा ऱ्हाऊ दे. मरंस्तवर फोडनीचं तोंडात घालनार न्हाई."

दुसरा डोळा राहिला. पोरगी जगली. एकविसाव्या दिवशी तिला कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, वाटेवरचे काटे निघाले, पुरुषमाणसं घरी आली. मी घरात पहिली फोडणी दिली तेव्हा सासरे म्हणाले, "आता घर घरागत वाटतंय." सगळे आमटीवर तुटून पडले. सासूनं कण्या आणि ताक वाढून घेतलं.

तिथून चौदा वर्षं मी रोज फोडणी देण्याआधी तिच्यापुरतं बाजूला काढत आले. उकडलेली डाळ, उकडलेली भाजी, वर मीठ. लग्नाकार्यात ती ताकभात खाऊन उठायची. बायका तिच्या भक्तीचं कौतुक करायच्या आणि मला म्हणायच्या, नशीबवान आहेस, अशी सासू मिळाली. नणंदेचं लग्न भोरकडच्या एका गावात झालं. माहेरपणाला आली की ती आपल्या आईचा वेगळा वाडगा बघायची, मग एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची आणि दुसरीकडे जाऊन बसायची. आठव्या वर्षी दिलेला शब्द तिनं पाळला. तिनं तो मोडावा असं मला कितीदा वाटलं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं. मी स्वतःला समजवायचे, सांगून उपयोग काय, नवस फळलाय, आता सासू तो थोडीच सोडणार आहे.

मग माझ्या मुलाला घेऊन भोरच्या दवाखान्यात गेले होते, तेव्हा धीर करून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, फोड डोळ्यात झाला म्हणून डोळा गेला. फोडणीनं काही होत नसतं. उलट पोटात अन्न गेलं, त्यानं वाचली असेल." घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की आजच सांगायचं. तरी एक अख्खा पावसाळा गेला.

दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. तिचे दात पडले होते, मी डाळ घोटून वाढली आणि वाढता वाढता म्हणाले, "आत्याबाई, त्या दिशी तुमी ठान्यावर गेला हुता, तवा म्याबी फोडनी केली हुती. गोठ्यात. पोरीला पिठलं करून घातलं."

तिचा हात ताटात थांबला. 

"खाल्लं तिनं?"

"वाडगाभर. चाटून खाल्लं."

"बरं केलंस," ती म्हणाली.

मला रडू कोसळलं. डॉक्टर काय म्हणाले ते मी भडाभडा सांगितलं, की तुमचं चुकलं नाही, माझंही नाही, कुणाचंच नाही. ती ऐकत होती. मी डोळे पुसले आणि चुलीवरच्या आमटीत पळा घालून तिच्या ताटाकडे नेला. तिनं ताटावर हात आडवा धरला.

"डागदर म्हन्तोय त्ये खरं असंल," ती म्हणाली. "पर मला येक सांग. रोज माजं येगळं काडताना तुजा हात कदी थांबला न्हाई व्हय गं?"

"पैली दोन वर्सं थांबायचा," मी म्हणाले. "मग सवय झाली."

तिनं मान हलवली आणि ताटात होतं ते खायला लागली. मी पळा हातात घेऊन उभी होते.