खंडेनवमीला हार घातलेला लॅपटॉप

एल आणि आय. या दोन अक्षरांचा मला अजून राग येतो. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर चार अक्षरं यायला हवीत, तर तेवढीच उमटायची आणि मशीन मख्खासारखं गप्प बसायचं.

लॅपटॉप ऑफिसचा होता. मुलगी अंगावर पिणारी, म्हणून साहेबांनी कुरकुरत मला घरून काम करायची मुभा दिली होती. प्रोग्रॅम लिनक्सवर बसवून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चालताना दाखवायचा, नाहीतर मुभा बंद. म्हणजे माझी नोकरीच बंद.

अष्टमीला विंडोजच्या जागी सीडीवरून लिनक्स चढवलं. सगळं सुरळीत झालं, आणि पुन्हा चालू केलं तर एल, आय, पुढे ठणठणगोपाळ! जुनं विंडोज तर मी पुसून टाकलेलं. नशीब, एक बूट फ्लॉपी करून ठेवली होती. तिच्यावरून मशीन सुरू करायचं, एक ओळ दुरुस्त करायची, की झालं. तेवढ्यात मुलीनं भोकाड पसरलं. म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी बघते तर लॅपटॉप देव्हाऱ्यापुढे! झेंडूचा हार, झाकणावर हळदकुंकवाची बोटं, शेजारी फ्लॉपी, तिच्यावरही कुंकू आणि अक्षता. विळी, कात्री, सासूबाईंचं शिवणयंत्र, सगळी ओळीनं बसलेली. सासरचं घर बंगळूरचं जुनं मराठी. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"अगं, तुझं हत्यार ना ते? मग पूजा नको?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी उचल. स्वल्प दम धर."

"उद्या संध्याकाळी? मग काम कधी करू, कपाळ माझं!"

नवरा पेपरामागून म्हणाला, "देवीलाच तुझी नोकरी नको असेल. सोडून दे ना, कोण अडवतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात फोन लावला, तिथलं एखादं मशीन मिळेल म्हणून. रखवालदार म्हणाला, सगळ्या कॉम्प्युटरांना हार घालून कुलूप लावलंय, आयुधपूजा मॅडम. साऱ्या गावाचे कॉम्प्युटर त्या दिवशी देव झाले होते.

आणि खाली नवऱ्यानं स्कूटरची पूजा केली, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि हार मिरवत शिवाजीनगरला मित्रांकडे निघाला! मी गॅलरीतून ओरडले, "त्या हत्याराला बरा हात चालतो!" समोरची अक्का बघत राहिली. तो हसला आणि गेला.

मग मी सासूबाईंना नको ते बोलले. "त्याची स्कूटर पळते, माझंच मशीन देवापुढे कसं अडकतं? सरळ सांगा की, सून घरात बसलेली हवी!" मुलगी दचकून रडायला लागली. सासूबाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि शिवणयंत्राकडे बघत उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून ते यंत्र मी फक्त पूजेला उघडलेलं पाहिलं होतं.

"चिकपेटच्या दुकानांची पोलकी शिवायची मी," त्या म्हणाल्या. "हा झाला तेव्हा मामंजी म्हणाले, पोर स्वल्प मोठं होऊ दे, मग बस. ते मशीन पूजेला बसलं ते उठलंच नाही."

त्यांनी मुलगी माझ्याकडे दिली, आपल्या हातानं लॅपटॉपवरचा हार काढला. फ्लॉपी पदरानं पुसली. तिच्या पत्र्याच्या झडपेत अक्षतेचा एक दाणा अडकला होता. तो त्यांनी शिवणाच्या सुईनं हळूच काढला.

"देवीला काय ते मी सांगते. तू बस."

फ्लॉपी खरखरली. मग पडद्यावर भराभर ओळी धावल्या. चुकलेली ओळ नीट केली, फ्लॉपी काढली, पुन्हा चालू केलं. एल, आय, आणि मागोमाग उरलेली दोन अक्षरंही आली. मेली, आत्ता आली! मी रडले, आणि तेही रागानंच.

नवरा जेवायला आला. दारातूनच म्हणाला, "काय, पावली का देवी?" मी मान वर केली नाही. सासूबाईंनी मुलगी त्याच्या हातात दिली.

"धर हिला. आम्हा दोघींना काम आहे," त्या म्हणाल्या, आणि शिवणयंत्राचा हार उतरवून त्याला तेल घालायला बसल्या.