आतून तुटलेला दोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही तुमच्याकडे जरा संशयानेच बघतोय. काय करणार? स्वभाव.

पन्नास सालाच्या मागेपुढे मी कल्याणला बंबखान्यात होतो. विहिरीत पडलेली माणसं वर काढायचा दोर माझ्या ताब्यात असायचा. तीन पेडांचा, मनिला वाखाचा. नियम असा, की एका माणसाला सोडायचं तर दोर दहा माणसांचं वजन पेलणारा हवा. ओल, गाठी, विहिरीच्या काठाचं घासणं, यांत ताकद किती जाते कोण सांगणार? म्हणून तो दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. कुणी नुसता हात लावला तरी मी शंभर प्रश्न विचारायचो. गणपत जवानाला तर जास्तच. त्याच्या घरी गाय होती — आणि गाय म्हटली की दोर लागतोच, नाही का?

आणि मग तो मीच नेला.

विठ्ठलवाडीजवळ माझ्या मेव्हण्याची भरलेली लॉरी चिखलात रुतली होती. मी ऐटीत म्हणालो, आमचा दोर काढील. काढलीही. परत आल्यावर पीळ उकलून पाहिला. बाहेरून धडधाकट, आत तंतू तुटलेले, बोटांना भुसा लागला. तेव्हाच कापून टाकायला हवा होता. पण का कापला, ते सांगावं लागलं असतं... मी पीळ पुन्हा बसवला. दहापट होता, निदान पाचपट तरी उरला असेल, म्हटलं. कशावरून? मोजलं होतं कुणी?

वैशाखात गाळ काढणारा एक गडी विहिरीत पडला, पाय मोडला. गणपत उतरला. त्याने आधी गड्याला वर पाठवलं, मग दोर स्वतःला बांधला. अर्ध्यावर आला आणि दोर तुटला. जीव वाचला, कंबर कायमची गेली.

चौकशीत साहेबांनी तुटकं टोक पाहून ओळखलं, की दोर कुणीतरी बाहेर वापरलाय. सगळे माझ्याकडेच बघत होते — का मलाच तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं. मी काय म्हणालो? एवढंच, की ‘साहेब, गणपतकडे गाय आहे.’ ते खोटंही नव्हतं. त्याची नोकरी गेली.

गणवेश परत करायला तो काठी टेकत आला. मला लाज वाटत होती, तरी मी मान वर ठेवली.

“तात्या, तुम्हाला पण वाटतं, दोर माझ्याच घरी गेलेला?”

मी म्हणालो, “हो.”

त्याने गणवेशाची घडी माझ्यापुढे ठेवली. “मग आमच्या हिनेच नेला असेल. डबा घेऊन इथं यायची ना रोज,” तो म्हणाला. “तुम्ही कशाला खोटं बोलाल?”

आणि तो बायकोला जाब विचारायला घरी गेला.