चौथ्या व्हॉल्व्हचे अकरा फेरे

शेजारच्या वहिनींना मी पहिली दोन वर्षं सांगत होते की आमची मुलगी पाण्याच्या कामात आहे. त्यामुळे एकदा नळाची धार बारीक झाली तेव्हा त्या तक्रार घेऊन आमच्याच दारात आल्या. मुलीने चपला अडकवल्या, त्यांच्या नळाची जाळी काढून धुऊन दिली आणि परत येऊन मला म्हणाली, "आई, मी आग विझवायच्या कामात आहे." मग मी तसं सांगायला लागले, तर लोक विचारू लागले, शिडीवर चढते का, लाल गाडी चालवते का. तेही नाही.

ती एका रसायनांच्या कारखान्यात आहे. तिथे एका लांबलचक शेडखाली टँकर उभे राहतात आणि त्यांत पेट्रोलसारखं पेट घेणारं सॉल्व्हंट भरतात. शेडच्या छताला पाइप आहेत आणि पाइपांना नोझल. ऑफिसांच्या छतालाही पाण्याची तोंडं असतात, पण त्यांना काचेची इवलीशी नळी लावलेली असते. जिथे तापतं तिथली नळी फुटते आणि तेवढंच पाणी पडतं. इथे ती चैन नाही. इथली सगळी तोंडं कायमची उघडी असतात, पाइप कोरडे असतात आणि पाणी मागे व्हॉल्व्हपाशी दम धरून उभं असतं. कुठेही आग लागल्याचं यंत्राला कळलं की व्हॉल्व्ह सुटतो आणि सगळ्या तोंडांतून एकदम पाणी कोसळतं. याला डेल्यूज म्हणतात. असे सहा व्हॉल्व्ह कारखान्यात आहेत आणि त्या सहांची देखभाल आमच्या मुलीकडे आहे. कारखान्यात तिला 'पाणीवाली' म्हणतात. म्हणजे वहिनींना मी जे सांगत होते ते तसं खोटंही नव्हतं.

ही मुलगी लहानपणी शाळेत निघताना गॅसची खुंटी तीनदा बघायची. तिचे बाबा म्हणायचे, "चौथ्यांदा बघ, खुंटीला वाईट वाटेल." बारावीला मार्क चांगले होते, मी तिला मास्तरकीकडे ढकलत होते, तर ती मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेली. पंपाच्या आवाजात आठ तास काढून घरी आली की ओरडून बोलायची. मी म्हणायचे, "अगं, मी समोरच आहे." तर तितक्याच मोठ्याने म्हणायची, "मग ऐकू येतंय ना!" नऊ वर्षं झाली आता. गेल्या महिन्यात तिच्या साहेबांनी तिला सांगितलं की एक तारखेपासून सगळ्या डेल्यूज सिस्टीमची प्रमुख तूच. त्या दिवशी ती जेवताना तीनदा हसली. मी मोजलं.

एक तारखेला आठवडा उरला होता तेव्हाची गोष्ट.

दर तीन महिन्यांनी त्या सहा व्हॉल्व्हची परीक्षा असते. परीक्षेत खरोखर पाणी सोडलं तर भरत असलेले टँकर न्हाऊन निघतील, म्हणून आधी प्रत्येक व्हॉल्व्हचं हाताने फिरवायचं मोठं चाक बंद करतात. बंद करणारा माणूस लाल टॅग मधोमध फाडतो. वरचा अर्धा चाकाला बांधतो, खालचा अर्धा स्वतःच्या खिशात ठेवतो. चाक परत उघडलं की दोन्ही अर्धे रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी चिकटवायचे. पण व्हॉल्व्हमध्ये साचलेलं पाणी जमिनीवर सोडताना त्या दिवशी सगळेच भिजलेले असतात, म्हणून टॅग लॉकरमध्ये वाळत टाकायचे आणि नंतर सावकाश चिकटवायचे, अशी पद्धत पडून गेली होती. सगळ्यांनाच ती माहीत होती, साहेबांनासुद्धा.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मुलीला सुट्टी होती. ती झोपली होती. मी तिचे कामाचे कपडे धुवायला काढले आणि खिशातून लाल कागदाचा अर्धा तुकडा निघाला. त्यावर तिच्या अक्षरात 'चार' लिहिलेलं होतं.

मला तेव्हा टॅगची ही भानगड एवढी नीट माहीत नव्हती. एवढं माहीत होतं की लाल कागद म्हणजे काहीतरी बंद आहे. मी तो फ्रिजवर चुंबकाखाली लावला, कपडे भिजवले, परत येऊन बघितलं. उठवू की नको? लेकरू दोन दिवस राबून झोपलंय, कागदच तर आहे, असं म्हणत मी पाऊण तास घालवला. शेवटी नऊ वाजता चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "खिशात हे होतं, फेकू का?"

ती उठून बसली. चहा तिने बघितलासुद्धा नाही.

"वरचा तुकडा?"

"एवढाच होता गं."

"लॉकरमध्ये असेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी उघडलाय चार नंबर. मला आठवतंय. चाक गार होतं, हात घसरत होता." मग तिने तुकडा उलटून बघितला. "पण ते मागच्या वेळचं असेल तर?"

बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "कारखान्यात दिवा वगैरे लागत असेल की, बंद असेल तर?"

"बाकीच्या पाचांना लागतो. चार सगळ्यात जुना आहे, त्याच्या चाकाला दिवा नाही."

तिने फोन उचलला, आणि मी तिचा हात धरला. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी म्हटलं, "आधी स्कूटरवर जाऊन बघून ये. उघडा असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर गुपचूप उघड. एक तारीख तोंडावर आलीय."

"जायला चाळीस मिनिटं लागतात, आई."

"काल दुपारपासून काही झालं नाही, चाळीस मिनिटांत काय होणार आहे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हात सोडला. फोनवर ती एवढंच बोलली, "लोडिंग थांबवा. चार नंबर बंद असू शकतो. हो, असू शकतो. नाही, नक्की माहीत नाही. चूक माझी आहे. आधी थांबवा." पलीकडून लोडिंगचे काका काहीतरी चिडून बोलले. ती म्हणाली, "किती टँकर उभे आहेत ते मला नका सांगू, काका," आणि फोन ठेवून कपडे करायला गेली.

दुपारी परत आली तेव्हा मी विचारलं, "उघडा होता ना?"

"हो."

"देवा! मग बरं झालं."

"बंदही होता."

बाबा म्हणाले, "नीट सांग, तुझी आई पडेल आता."

ते चाक पूर्ण उघडायला सव्वीस फेरे लागतात. साहेबांनी समोर उभं राहून मोजून घेतलं, तेव्हा आणखी पंधरा फेरे बसले. म्हणजे आदल्या दिवशी तिने अकरा फेरे उघडला होता आणि तसाच सोडला होता. वरचा अर्धा टॅग चाकालाच बांधलेला होता. लोडिंगच्या काकांना तो रात्रीच दिसला होता, पण त्यांना वाटलं, पाणीवालीचं काम चालू असेल.

"मग आग लागली असती तर पाणी आलं असतं का?" मी विचारलं.

"आलं असतं. पुरलं असतं की नाही, ते गणित करावं लागेल. कदाचित पुरलंही असतं."

मग तो उघडा होता म्हणायचा की बंद, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. अर्धं उघडं दार निदान दिसतं तरी. शिवाय तिला आठवत होतं ते खरंच होतं. चाक गार होतं, हात घसरत होता, तिने उघडायला घेतलंच होतं.

"पण तू अकरावर थांबलीस का?"

ती पाणी प्यायली. "काहीतरी मध्ये आलं."

काय मध्ये आलं ते मला भांडी घासताना कळलं. आदल्या दिवशी दुपारी सव्वा वाजता मला गच्चीवरून कारखान्याच्या बाजूला धूर दिसला होता. तिचा मोबाइल गेटवर जमा असतो, म्हणून मी कंट्रोल रूमला फोन लावला आणि म्हटलं, अर्जंट आहे. त्यांनी वॉकी-टॉकीवर हाक मारून तिला बोलावून घेतलं. ती धापा टाकत आली. मी विचारलं, "आग लागलीय का गं तिकडे?" ती म्हणाली, "नाही आई, पलीकडच्या मैदानात कचरा पेटवलाय." मला हायसं वाटलं होतं. मी वर विचारलंसुद्धा, जेवलीस का?

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. "मी केला होता फोन!"

"हो," ती म्हणाली.

"लिहिलंस का तसं अहवालात?"

"काम अर्धवट सोडलं, असं लिहिलंय."

"माझं नाव घाल. मी साहेबांना पत्र लिहिते."

"लिही. मग ते माझ्या फाइलमध्ये लावतील की घरून फोन आला की हिच्या हातून चाक सुटतं." ती चिडलेली वाटत नव्हती. "फोन सगळ्यांनाच येतात, आई. मी परत चौथ्याकडे न जाता पाचव्याकडे गेले. तिथे तू नव्हतीस."

मी पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. एक वाटतं, आईने गप्प बसून लेकीला दोष घेऊ द्यावा का? लगेच दुसरं वाटतं, या पत्राने तिचं भलं होईल की माझं मन हलकं होईल? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तू एम.ए. झालीस, मला काय विचारतेस?" एरवी मी हसले असते. पत्र काही मी पाठवलं नाही.

एक तारखेला प्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली. तिच्याहून चार वर्षांनी नवा, आणि त्याला सगळं शिकवायचं हिनेच. सहा महिन्यांनी तिचा पुन्हा विचार करू, असं साहेब म्हणाले. "पण फोन केलास ते बरं केलंस," असंही म्हणाले. ही शाबासकी समजायची की समजूत, ते तिलाही सांगता आलं नाही. टॅग आता ओले असले तरी त्याच दिवशी चिकटवायचे आणि चाकापाशी दोघांनी उभं राहून फेरे मोठ्याने मोजायचे, असा नियम झालाय. तो तिनेच लिहून दिला.

"तुला वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं ना. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही मला दिली नसती."

हे ती खरंच म्हणते की माझ्यासाठी म्हणते, मला कळत नाही. कंट्रोल रूमचा नंबर मी माझ्या फोनमधून पुसून टाकला. तिला सांगितलं तर म्हणाली, "वेडी आहेस का? कधी खरंच लागला तर?" आणि माझ्या हातातून फोन घेऊन तिने तो नंबर परत घातला.