त्या रविवारी दार लावलं नाही

रविवारी दुपारी आमच्या भाड्याच्या घरात प्रार्थना होत असे. नवरा, मी, आमची मुलगी, सासूबाई आणि आसपासची चार-पाच कुटुंबं. नवरा रायपूरच्या पंडरी बाजारात एका कापड दुकानात हिशेब बघायचा, मी शाळेत शिकवायचे. सासूबाई वर्ध्याकडच्या, सगळा संसार रायपुरात झाला तरी बोली सुटली नव्हती. त्यांच्या प्रार्थनेत मागणं जवळजवळ नसायचंच. ‘गुडघा दुखते, पण चालता येते, तुझे उपकार, प्रभू.’ मला कधीकधी त्याचा राग यायचा.

मग गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकली थांबू लागल्या. त्यांच्यावरची माणसं उतरायची नाहीत, फक्त आमच्या दाराकडे बघत बसायची. कोपऱ्यावरचा दुकानदार माझ्याशी बोलेनासा झाला. सामान द्यायचा, पण मान खाली घालून. एके दिवशी मुलगी शाळेतून आली आणि सहज म्हणाली, “मम्मी, एक भैया पूछ रहे थे, संडे को अपने घर कौन-कौन आता है।”

“तू काय सांगितलंस?”

“सब लोग, बोल दिया।”

माझे कणकेतले हात तसेच राहिले.

पुढच्या प्रार्थनेला दोनच कुटुंबं आली. मग घरमालक आला. एरवी चहा घेतल्याशिवाय न जाणारा माणूस, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “दीदी, बुरा मत मानना। मुझे कोई दिक्कत नहीं। पर मोहल्ले में बात चल रही है।” आम्ही लोकांचा धर्म बदलतो, अशी ती बात होती.

त्यानंतरच्या रविवारी बाहेरून कोणीच आलं नाही. मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि कडीला हात घातला, तर सासूबाई म्हणाल्या, “दार काहून लावून राहिली वं?”

“आई, आवाज बाहेर जाते,” नवरा म्हणाला.

“जाऊ दे. आभार मानाले लपाचं कायले?”

दार उघडंच राहिलं. गाणं अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा दारात सावल्या पडल्या. सहा-सात जण होते. एकाने मोबाईल आमच्यावर धरला. “किसको-किसको बुलाते हो यहाँ?”

“कोणालाच नाही. आम्ही घरचेच आहोत,” मी म्हणाले. घाईत मराठीच तोंडातून आली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि त्या एकेका गोष्टीबद्दल आभार मानू लागल्या: पाण्याबद्दल, नातीबद्दल, मुलाच्या नोकरीबद्दल. त्यांचा आवाज चढला नाही, थांबलाही नाही.

एवढ्यात शेजारीण आली. नळाच्या पाण्यावरून आमचं तिच्याशी वर्षभर वाकडं होतं. हातात लाल भाजीची जुडी घेऊन ती त्या माणसांमधून वाट काढत आत शिरली आणि सासूबाईंशेजारी पाय पसरून बसली.

“फोटू खींचत हस, त मोरो घलो खींच.” फोटो काढतोस तर माझाही काढ, असं ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली.

“काकी, आप इसमें मत पड़ो।”

“काबर? तोला पूछ के बइठहूं का?”

ती भाजी निवडत राहिली. सासूबाईंचे आभार चालूच होते. मोबाईल धरलेला हात खाली आला. शेवटी मोबाईलवाला म्हणाला, “अगले संडे देखेंगे,” आणि ते निघून गेले.

ते गेल्यावर मी सासूबाईंचे हात धरले.

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“नाई कशी वाटन? आभार मानतो तवा तेवढा वेळ भेव गप्प बसते.”

पुढचा रविवार त्या घरात आलाच नाही. दोन दिवसांनी घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा शेजारणीच्या घराचं दार बंद होतं. आत तिचा नवरा मोठ्याने बोलत होता. तिला आमच्यामुळे काय सोसावं लागलं, ते मला कधी कळलं नाही.

आता आम्ही रायपूरबाहेर, अभनपूरच्या बाजूला राहतो. इथे येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा दूधवाल्याने विचारलं, “आप लोग कौन हो?”

“ख्रिस्ती,” मी म्हणाले.

“अच्छा,” तो म्हणाला. दूध मापून झालं तरी तो माझ्याकडे बघत होता.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. मागायचं खूप होतं, पण सुरुवात शेजारणीचे आभार मानून केली. तिचं नाव घेतलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, “आमेन.” मग मी पुढचं बोलले.