मिस्त्रीचा हात न लागलेली गाडी

गाडी विकली याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते विकताना तोंडातून गेलेल्या एका वाक्याचं. ते वाक्य गेलं नसतं, तर आज रविवारी सकाळी मी घरात बसून हे लिहीत नसतो. मिस्त्रीच्या गॅरेजात जुन्या टायरवर बसून, त्याच्या हातातलं काम बघत चहा पीत असतो.

मी केजला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी आणि तिच्याखाली मी. चाळिशी उलटली की माणसं देवाला लागतात, जमिनीच्या तुकड्याला लागतात, निदान बीपीच्या गोळीला तरी लागतात. मी सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेतली. वय त्रेचाळीस, कंबर अडतीस. त्या गाडीवर टाकीवर ओणवं होऊन बसावं लागायचं. मागून येणाऱ्याला वाटायचं, सरांचं काहीतरी खाली पडलंय आणि सर ते शोधत चाललेत. मागची सीट माळ्याइतकी उंच. बायको तिच्यावर दोनदाच बसली, एकदा हौसेनं आणि एकदा रिक्षा मिळाली नाही म्हणून.

मिस्त्रीची ओळख झाली ती ब्रेक किंचाळायला लागला म्हणून. अंबाजोगाई रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज. तो माझ्याच वयाचा. त्याचे वडील विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, हा मोटारसायकली करतो. त्यानं ब्रेक दोन मिनिटांत नीट केला आणि मग गाडी चालू करून, मान वाकडी करून ऐकत राहिला.

"सर, जयभीम, एक बोलू का? राग न्हाई ना येणार?"

"बोला की."

"हिला श्वास घेता येत न्हाई. पळतीय, पण तोंड दाबल्यावानी पळतीय."

झालं. त्या दिवसापासून सात वर्षं आम्ही दोघं त्या गाडीचं तोंड मोकळं करत होतो. आम्ही म्हणजे तो. मी टॉर्च धरायचो. कुठल्याशा मोठ्या, अपघातात मोडलेल्या गाडीचे पुढचे जाड शॉकअप त्यानं आणले आणि लेथवर घासून हिला बसवले. मागचा टायर रुंद झाला. सायलेन्सरचा पाइप त्यानं स्वतः वाकवून, वेल्डिंग करून बनवला. त्याचा आवाज असा होता की मी कॉलेजच्या फाटकात शिरलो की वाचनकक्षातली पोरं आपोआप गप्प बसायची. पाटीचं काम सायलेन्सर करायचा.

पण त्याचं खरं काम गाडीच्या पोटात होतं. इंजिनाला वर एक हेड असतं आणि त्यात हवा-पेट्रोल आत जायची वाट असते. कंपनीतून येते ती वाट खडबडीत असते म्हणे. त्यानं वॉटर पेपर बोटाला गुंडाळून ती वाट आतून घासायला घेतली. अकरा रविवार. मी टॉर्च धरून उभा. शेवटच्या रविवारी त्यानं माझं बोट धरलं आणि आत घातलं.

"बघा. तान्ह्या पोराच्या गालावानी झालं का न्हाई?"

झालं होतं. मी पुस्तकांत राहणारा माणूस. माणसाच्या हाताचं इतकं बारीक काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यानंतर आम्ही धारूरच्या घाटात गेलो. मी पुढं, तो मागच्या माळ्यावर. चढावर गाडी अशी उठली की माझा चष्मा नाकावर सरकला. तो माझ्या कानात ओरडत होता, "दम लागला का हिला? सर, लागला का दम? न्हाई लागला!" किल्ल्यापाशी उतरलो तेव्हा दम मला लागला होता.

मग कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, "सर, गाडी ठेवा नाहीतर कंबर ठेवा."

बायको म्हणाली, "कंबरच ठेवा. तिला गिऱ्हाईक मिळायचं नाही."

गिऱ्हाईक गाडीलाही मिळेना. आमच्याकडं गाडीवर जितकं जास्त काम केलेलं, तितका माणूस घाबरतो. एक जण म्हणाला, "एवढं बदललंय म्हंजे कुठंतरी आदळलेली असणार." दुसरा म्हणाला, "पोलीस सायलेन्सर काढून घेतील, मग मी काय हातात धरून वाजवू का?" तिसरा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सर, ही गाडी हाय का बेंजो पार्टी?" आणि निघून गेला.

शेवटी मी मिस्त्रीला सांगितलं, सगळं काढा आणि कंपनीचं होतं ते परत बसवा. कंपनीचे सुटे भाग आमच्या दिवाणाखाली पडून होते. मी ते पोत्यात घालून नेऊन दिले. त्यानं पोतं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं."

दोन दिवस तो स्वतःचं काम स्वतःच्या हातानं उतरवत होता. शॉकअप काढले. पाइप काढला. काढलेली एकेक वस्तू डिझेलनं धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत होता. नेहमी बडबड करणारा माणूस, दोन दिवसांत एकच प्रश्न विचारला.

"आन् हेड?"

"ते राहू द्या. पोटातलं कुणाला दिसतंय?"

"हौ," तो म्हणाला. "दिसत तर न्हाईच."

नांदूरघाटचा एक मेडिकल दुकानवाला गाडी बघायला आला. तिशीतला, सभ्य. सोबत त्याचे मामा होते. मामांनी हयातभर बैलबाजार केलेला असावा, कारण ते टायर असा दाबून बघत होते की आता दात मोजतील. व्यवहार गॅरेजच्या दारातच चालला होता. मिस्त्री बाजूला फडक्यानं हात पुसत उभा.

मामा म्हणाले, "सर, खरं सांगा. इंजिन खोललेलं हाय का?"

आता आमच्याकडं जुनी गाडी विकताना काही वाक्यं म्हणायचीच असतात. एकाच माणसाच्या हातची आहे. कधी पाडलेली नाही. मिस्त्रीचा हात लागलेला नाही. स्थळ सांगताना मुलगा निर्व्यसनी असतोच, तसंच हे. त्याला कुणी खोटं समजत नाही आणि खरंही समजत नाही. मी आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं. ती वाक्यं कुठून शिकलो कोण जाणे, पण पाठ होती.

"छे हो मामा!" मी म्हणालो. "हिला मिस्त्रीचा हातच लागलेला नाही. कंपनीतून आली तशी आहे."

बोलून झाल्यावर मला कळलं, मी कुठं उभा आहे आणि शेजारी कोण आहे.

मामा एवढ्यावर थांबणारे नव्हते. ते वळले. "काय मिस्त्री? सर बोलतेत ते खरं हाय का?"

मिस्त्रीनं हात पुसायचे थांबवले नाहीत. बोटं एकेक करून पुसत म्हणाला, "खरं हाय. सील पॅक हाय. खोललेली असती तर या रोडला माझ्याशिवाय कोण खोलणार होतं, मामा?"

मामा हसले. मेडिकलवाला हसला. मीही हसलो. मला तेव्हा त्यानं आपल्याला वाचवल्याचाच आनंद झाला, हे लिहायला आज लाज वाटते, पण झाला. सौदा तिथंच ठरला.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत होती. थांबली.

"मिस्त्री तिथंच होते?"

"हो ना, म्हणून तर निभावलं."

"अन् त्यांच्या तोंडावर तुम्ही म्हणालात, मिस्त्रीचा हात लागला नाही म्हणून?"

"अगं, सौद्यात म्हणतात तसं."

"सौदा त्या नांदूरघाटवाल्याशी चालला होता. मिस्त्रीशी नव्हता," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

त्यानंतर दोन-तीन महिने मी त्या रोडनं जायचं टाळलं. उशिरा पुस्तक आणणारी पोरं जशी ग्रंथालयाच्या दारावरून मान खाली घालून सटकतात, तसा मी सटकायचो. रोज ठरवायचो, रविवारी जाऊन माफी मागू. रविवारी काहीतरी निघायचंच. एकदा तर मी घरच्या पंख्यांची पाती पुसली. बायकोनं तोंडावर पदर घेतला. हसली की हळहळली, मला कळलं नाही.

शेवटी तिच्याच स्कूटीचा ब्रेक ढिला झाला आणि तिनंच मला तिकडं पिटाळलं. वाटेत माफीचं भाषण तयार केलं. गॅरेजात शिरलो तर ती गाडी समोर उभी, इंजिन खोललेलं आणि शेजारी मेडिकलवाला.

"या या सर!" तो म्हणाला. "बरं झालं आलात. जरा आवाज करत होती म्हणून आणली. मिस्त्री म्हणाले, वरून खोलून बघावं लागंल. पहिल्यांदाच खोलतोय ना, मला भीती वाटत होती."

मिस्त्री खाली मान घालून चेन बघत होता. त्याच्यापुढं कापडावर ते हेड ठेवलेलं होतं.

मेडिकलवाल्यानं ते उचललं आणि आत बोट घातलं. "सर, जरा हात लावून बघा. काय गुळगुळीत! कंपनीचं काम म्हंजे कंपनीचं काम. आपल्याकडच्या मिस्त्रीला सात जन्मात जमंल का हे? मिस्त्री, तुमी राग मानू नका हां."

"राग कशाचा," मिस्त्री म्हणाला.

मी तोंड उघडलं. खरोखर उघडलं होतं. "अहो, ते काम..." एवढं म्हणालो.

"सर!" मिस्त्री इतक्या जोरात म्हणाला की मी दचकलो. "स्कूटी उन्हात हाय. तिकडं सावलीला लावा."

मी स्कूटी सावलीला नेली. तो मागून आला. मेडिकलवाला पलीकडं फोनवर बोलत होता.

"काय सांगायला निघालते?"

"खरं ते. तुमचं काम आहे ते. मिस्त्री, मी त्या दिवशी जे बोललो..."

"आता खरं बोलायला निघालेत कावून?" तो हळू आवाजात म्हणाला. रागानं नाही. एखाद्याला पाना कुठला लावायचा ते सांगावं, तसं. "तुमी आज खरं बोललात की मी खोटा पडतो. सील पॅक हाय म्हणून मी सांगितलंय त्याला. तालुक्यातली लोकं जुनी गाडी घ्यायची तर मला संगं नेतेत. का? तर मिस्त्री खोटं बोलत न्हाई. तुमाला काय, तुमी उद्या कॉलेजात जाताल. मला हितंच बसायचंय."

"मग त्या दिवशी बोललात कशाला?"

"तुमी बोलून बसलते." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "चार लोकांत तुमाला तोंडावर पाडू का?"

माझं भाषण तिथंच संपलं. माफी मागायची तर ती मोठ्यानं, त्या माणसासमोर मागायला हवी होती, आणि तसं केलं तर ज्याची मागायची त्याचंच नुकसान. हळू आवाजात मी म्हणालो, "चुकलं माझं." तो म्हणाला, "असू द्या," आणि स्कूटीच्या ब्रेकची तार ओढून बघायला लागला.

तासाभरात गाडी जुळून झाली. त्यानं चालू केली आणि मान वाकडी केली. कंपनीचा सायलेन्सर असल्यानं आवाज दबका होता, पण खाली, पोटात, तो मोकळा श्वास ऐकू येत होता. एक क्षण त्याचा चेहरा उजळला. त्यानं डोळे वर केले, सवयीनं, माझ्याकडं बघायला. मग मध्येच मेडिकलवाल्याकडं वळवले.

"झाली. घेऊन जावा."

"कंपनीचा माल, मिस्त्री," मेडिकलवाला खूश होऊन म्हणाला.

"हौ. येगळंच असतंय ते."

जाताना मेडिकलवाल्यानं मला सांगितलं, माझ्या मेव्हण्यालाही अशीच हात न लागलेली गाडी पाहिजे, ओळखीत असली तर कळवा. मी म्हणालो, कळवतो.

अजूनही स्कूटी घेऊन मी तिथं जातो. काम चोख होतं, चहाही येतो. पण तो काही दाखवायला हाक मारत नाही आणि मी होऊन जवळ जात नाही. जाऊन बघू कुठल्या तोंडानं?

पेपरसाठी हे लिहायला घेतलं ते एवढ्यासाठीच की निदान कागदावर तरी त्या कामापुढं त्याचं नाव लागावं. गावं आणि धंदे मी बदललेच आहेत, पण त्याचं नाव तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. ज्या गावाला मी नांदूरघाट म्हटलंय तिथंही पेपर जातो, आणि ज्याला मेडिकलवाला म्हटलंय त्याला दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तो सगळं वाचतो.